धप

होळकर पुलाच्या कठड्याशी मला उभं करून
दादा म्हणाले होते, ती हिरव्या लुगड्यातली बाई बघ.
चादर वर गेली, दगडावर आदळली.
काही नाही.
चादर पुन्हा उचलली गेली तेव्हा कुठे
धप.

मी सात वर्षांची. मला वाटलं, गोदावरीचंच काहीतरी चुकलं.

दादा तांबट. आमच्या आळीत
वीसेक हातोडे एकदम बोलायचे
आणि त्यातला शंकरमामांचा कुठला, हे दादा सांगायचे,
पण डोळे मिटून नाही.
त्यांच्या हाताकडे बघत.
"मिटले की सगळं एकच पाणी होतं."

मग त्यांचं ऐकणं गेलं,
कल्हई जाते तसं.
कुठून सुरू झालं ते कळत नाही,
एक दिवस ताक कळकतं.

एका रविवारी मिसळीवर शेव भुरभुरताना म्हणाले,
सादळलीय गं ही.
पुडा आत्ताच फोडलेला. मी खाऊन पाहिली, कुरकुरीत.
त्यांच्या खिशातलं यंत्र काढलं, कानात बसवलं,
त्याच पुड्यातली चिमूट पुढे केली.
चावले. थांबले. पुन्हा चावले.
"ही दुसरी आहे."
मी नाही म्हटलं नाही.

आता मी गंगापूर रोडला लोकांचे कान तपासते.
त्यांना सांगते, कान काय, डोळा काय,
हे नुसते वसुलीला फिरणारे, हिशेब आत होतो.
उजेड रोख देतो. आवाज उधारीवर चालतो.
आतला मुनीम थोडासा उशीर मनावर घेत नाही,
दोघांनाही एकाच तारखेला जमा धरतो
आणि आपल्याला वाटतं, सगळं एकदमच घडलं.
पार पुलाइतकं लांब गेलात
तर मात्र तो वही मिटतो.
एवढं सांगून मी पुढच्या माणसाला आत बोलावते.

मागल्या महिन्यात निलोफरने एक चित्रफीत केली.
पडद्यावर तिचे ओठ म्हणतात गागा,
वर आवाज चिकटवलाय बाबा.
पेशंटला दाखवायच्या आधी तू बघ, म्हणाली.

मला ऐकू आलं
दादा.

डोळे मिटले, बाबा.
उघडले, दादा.
काय चिकटवलंय ते मला पक्कं माहीत होतं,
त्या माहितीचा काडीचा उपयोग झाला नाही.
कुणी न उच्चारलेला शब्द
माझ्या डोक्यात, निलोफरच्या आवाजात,
आणि मी वळून दाराकडे बघितलं,
आले की काय म्हणून.
निलोफर हसली. तिच्या घरी वडलांना अब्बू म्हणतात.

काल संध्याकाळी त्यांना पुलावर नेलं.
यंत्र घरीच, साखरेच्या डब्याशेजारी.
("त्यात वारा भरतो.")
खाली एक मुलगी गोधडी आपटत होती,
तिलाच पेलत नव्हती एवढी जड.
गोधडी दगडावर पडली.
दादांचे ओठ बंद.
मग, मला आवाज पोचला त्याच क्षणी,
ते म्हणाले, धप.
पुढचीलाही तसंच. त्याच्या पुढचीलाही.
मुलगी मध्येच थांबून केस बांधायची, ताल मोडायची,
त्यांचा मोडत नव्हता.
बघितल्यावर किती थांबायचं
हे त्या हातांना ठाऊक होतं, कठड्यावर ठेवलेल्या,
एक बोट लोखंडावर टेकलेलं.

तेवढ्यात मागून पंचवटीची बस आली,
हॉर्न, गिअर, सगळा पूल थरथरला.
खाली गोधडी पडली.
मला काही म्हणजे काही ऐकू येणं शक्य नव्हतं.
मी दादांच्या ओठांकडे बघत होते.

ऐकू आलं.